सात नंबरची नळी

एल आल्तोमध्ये पाणी लवकर उकळतं,
म्हणूनच पुरतं तापत नाही.
सत्त्याऐंशी अंशांवरच खदखद सुरू.
बुडबुडे तेच, वाफही तीच,
पण काही जंतू आत निवांत,
गरम झऱ्यात पाय सोडून बसल्यासारखे.
युख्रा बाईंनी हे फळ्यावर लिहिलं
आणि विचारलं, कुणाच्या घरी मोठा कुकर आहे?

मी हात वर केला. आईला न विचारता.

कुकर पाठीवर बांधून आणला, आग्वायोत,
बाळ बांधतात तसा.
शिट्टी माझ्या मानेला टोचत होती.
आत डबाभर रस्साही होता, आईच्या गाड्यावरचा,
बैलाच्या हाडांचा, मीठ न घातलेला.
तो आम्ही फडक्यातून तीनदा गाळला,
वरची चरबी चमच्यानं काढली,
बारा नळ्यांत ओतला,
कापसाचे बोळे घट्ट बसवले, वर कागदाच्या टोप्या.
बाई म्हणाल्या, पुस्तकात वीस मिनिटं दिलीत.
पुस्तकं समुद्राकाठच्या माणसांनी लिहिली,
आपण पाऊण तास ठेवू.

मग नुसतं थांबायचं.
एफ्राइन शिट्टी उचलायला गेला
तर बाईंनी त्याच्या हातावर फटका मारला.
वाफ आपल्या पायांनी जाऊ दे.
घाई केलीस तर रस्सा उसळेल, बोळे भिजतील,
आणि ओल्या कापसातून वाट काढणं
त्यांना काही अवघड नाही.

बाहेर पठाराचा वारा होता.
आमच्या गल्लीत विटांची घरं कधी पुरी होत नाहीत,
धूळही कधी संपत नाही.
खिडक्यांच्या फटींना वर्तमानपत्रं चिकटवली.
टेबल स्पिरिटनं पुसलं, हात पुसले.
दिवा लावला.
चौतीस पोरं ओठ मिटून उभी,
देवळातही आम्ही इतकं गप्प नसतो.
बोळा करंगळीत धरायचा, टेबलावर टेकवायचा नाही.
नळीचं तोंड ज्योतीतून फिरवायचं,
पुन्हा बोळा, पुन्हा पुढची.
एक ते सहा अशा उघडल्या
आणि दहा मिनिटं वाऱ्याला दिल्या.
सात ते बारा कुणी हात लावायचा नाही.
त्यांना काही होता कामा नये,
हाच त्यांचा प्रयोग.

बल्ब लावलेल्या खोक्यात नळ्या उबेला ठेवल्या.
तापमान लिहायचं काम माझं.

आठवड्यानं पाहिलं तर एक ते सहा गढूळ,
पेल्यात तांदूळ धुतल्यासारख्या.
आठ ते बारा नितळ,
त्यांच्यातून मला खिडकी दिसत होती,
उलटी, बारीक, केबलकारच्या डब्यासकट.
आणि सात गढूळ.

वाऱ्याचं नाव घेतलं गेलं. मग बोळ्याचं.
मग एफ्राइनचं, कारण तो शिंकला होता.
तो म्हणाला, मी दाराबाहेर जाऊन शिंकलो,
आणि ते खरं होतं.
त्याचे कान लाल झालेले पाहून
मी पुढं झाले.

बुधवारी संध्याकाळी, आकडा लिहिताना,
मी सात नंबरचा बोळा काढला.
तेव्हा रस्सा अजून स्वच्छ होता.
आई पहाटे तीनला गाडा घेऊन गेली होती.
घरी कुकर नव्हता म्हणून चुन्यो शिजलेच नव्हते.
मला फक्त वास घ्यायचा होता.
एवढंच. मोजून एक श्वास.

वर्गात कुणी हसलं नाही.
बाईंनी वही पुढं सरकवली.
लिही, म्हणाल्या, खरं तेच लिही.
नळी सात : उघडली. कारण :
मी पेन्सिल धरून खूप वेळ थांबले.
भूक, असं त्यांनी हळूच सांगितलं,
पण खोडून पुन्हा लिहायला लावलं नाही,
कारण मी "आई" लिहिलं होतं.

बाराही नळ्या, बोळ्यांसकट,
फेकण्याआधी पुन्हा त्याच कुकरात गेल्या.
नितळ होत्या त्यासुद्धा.
तो कुकर मी तीन पाण्यांनी घासला.
आईनं झाकणाला नाक लावून पाहिलं,
स्पिरिटचा वास येतोय म्हणाली,
आणि गॅसवर चढवला.